अंगठ्याची विद्या

हार्मोनियमच्या पट्ट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी पट्ट्यांचे एक सुबक चित्र काचेखाली बसवले आणि भजनी मंडळातल्या बुवांना सांगितले, "बुवा, आता या चित्रावर बोट ठेवा, सूर आपोआप निघेल," तर बुवा काय म्हणतील? सूर निघेलही, यंत्रे हल्ली काय वाटेल ते करतात. पण बुवा गाताना पेटीकडे बघत नाहीत. ते समोरच्या मंडळींकडे बघतात, नाही तर डोळे मिटून घेतात. कोणती पट्टी कुठे आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते, कारण काळी पट्टी उंच आहे, पांढरी सखल आहे आणि दोहोंमधली फट बोटाला लागते. चित्रातल्या पट्टीला ना उंची, ना फट. बुवांना अभंग सोडून काचेत डोके घालून बसावे लागेल.

पेटीचे राहू द्या. हाच प्रयोग जुन्या व्हिडिओ गेमवर मात्र गेली पंधराएक वर्षे घरोघर चालू आहे. टीव्हीला जोडून, हातात बटणांचा ठोकळा धरून खेळायचे जे खेळ, ते आता फोनच्या आणि टॅब्लेटच्या गुळगुळीत काचेवर खेळले जातात. बटणांच्या जागी बटणांची चित्रे आहेत.

आमच्या घरी या प्रयोगाचा निकाल मे महिन्याच्या सुट्टीत लागला. माझी मुलगी बारा वर्षांची. तिने टॅब्लेटवर जुना मारिओ अर्धा तास खेळून पाहिला आणि टॅब्लेट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाबा, तुझा मारिओ अगदीच टुकार आहे. उडी मार म्हटलं की मारत नाही, आणि नको तेव्हा खड्ड्यात जातो."

असले निकाल ऐकण्याची बापांना सवय असते. आमच्या वडिलांनी आम्हाला सैगल ऐकवला तेव्हा आम्हीही असेच काहीतरी म्हणालो होतो. पण त्या वेळी तबकडी खरखरते आहे हे आम्हाला निदान ऐकू तरी येत होते. इथे तसे नाही. चित्र झकास, रंग झकास, आवाज जसाच्या तसा. मग दोष खेळाचाच असणार, असे मुलीला वाटले तर तिचे काय चुकले? मला मात्र हा अन्याय वाटतो, आणि तो एका मारिओपुरता नाही. आजच्या मुलांना हे जुने खेळ भेटणार ते बहुधा काचेवरच. काचेचा दोष खेळाच्या माथी बसला तर एका अख्ख्या कलेची परीक्षा चुकीच्या कागदावर होईल.

या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे. आमच्या अण्णांचे डोंबिवलीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथे दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंत टीव्ही, टेपरेकॉर्डर यांच्या जोडीला व्हिडिओ गेमचे डबेही असत. कोणी समुराई आणी, कोणी मीडिया, कोणी लिटल मास्टर. नावे अनेक, मूळ एकच. जपानातल्या क्योटो शहरात १८८९ साली हनाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी निघालेली निन्टेंडो नावाची कंपनी होती. तिने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र विकायला काढले. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय टीव्हीखाली येऊन बसले ते बहुतेक त्याच्याच नकलांचे गणगोत. खेळाच्या प्लास्टिकच्या वडीला आपण कॅसेट म्हणत होतो. चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा विधी ज्याने केला नाही असा त्या पिढीतला मुलगा विरळा. आणि हातात धरायच्या ठोकळ्याला म्हणायचे रिमोट.

हे रिमोट फार बिघडत. मुले ते आपटत, चावत, वायरीला धरून गरगर फिरवत. अण्णा स्क्रू काढून आतला संसार उघडा करत, तेव्हा मी शेजारी उभा असे. आत एक पट्टी, तिच्यावर फणीच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या पण न टेकणाऱ्या रेघा. वर मऊ रबर. आणि रबराच्या प्रत्येक उंचवट्याखाली कार्बनची काळी टिकली. बटण दाबले की टिकली रेघांना टेकते आणि वीज वाहते; सोडले की रबर तिला पुन्हा वर उचलते. बस्स, एवढेच. अण्णा कापसाच्या बोळ्याने टिकल्या पुसत आणि रिमोट परत देत.

पण या एवढ्याशा रबरात एक मोठी सोय आहे. बटणावर अंगठा नुसता ठेवणे आणि बटण दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठा ठेवून वाट बघता येते. बटणाचा कडा लागतो, त्यावरून आपण कुठे आहोत ते कळते. दाबताना रबर आधी विरोध करते आणि मग एकदम हार खाते. त्या क्षणी अंगठ्याला कळते की काम झाले. डोळे मोकळे राहतात, आणि खेळ हा डोळ्यांनी खेळायचा असतो.

डावीकडच्या अधिक चिन्हासारख्या बटणाची गोष्ट आणखी मजेदार आहे. ते निन्टेंडोच्या गुनपेई योकोई या गृहस्थांच्या डोक्यातून निघाले. १९८२ साली त्यांना डॉंकी कॉंग हा खेळ खिशात मावेल अशा, डबीसारख्या मिटणाऱ्या यंत्रात बसवायचा होता. दांडा बसवला तर डबी मिटणार कशी? म्हणून त्यांनी दांड्याची कामे एका चपट्या फुलीवर सोपवली. ही फुली मध्यावर तोललेली असते. डावी बाजू दाबली की उजवी उचलते. वर दाबले की खालची उचलते. लहान मुलांच्या सी-सॉसारखे. त्यामुळे अंगठा फुलीवरून न उचलता नुसता कलता करून चारी दिशांना जाता येते, आणि आपण कोणत्या दिशेला कललो आहोत हे अंगठ्यालाच समजते. योकोई १९९७ साली मोटार अपघातात वारले. पण आज विकत मिळणाऱ्या बहुतेक प्रत्येक गेम पॅडवर त्यांची ही फुली कोणत्या ना कोणत्या रूपात आहे.

आता काचेकडे वळू. फोनच्या काचेखाली डोळ्याला न दिसणारी, वीज वाहून नेणारी जाळी असते. आपल्या शरीरातूनही वीज वाहते, त्यामुळे बोट टेकले की त्या जागचा विजेचा भार किंचित बदलतो आणि फोनला बोटाची जागा कळते. म्हणूनच हातमोजा घालून फोन चालत नाही आणि ओल्या बोटांनी तो चक्रावतो. युक्ती मोठी हुशारीची आहे. पण काचेला फक्त 'टेकले' आणि 'टेकले नाही' एवढेच समजते. ठेवणे आणि दाबणे हा भेद तिच्यापाशी नाही. अंगठा ठेवला म्हणजे दाबलाच. मग खेळणारा बिचारा दोन्ही अंगठे काचेच्या वर अधांतरी धरून बसतो, आणि रंगाच्या भरात ते हळूहळू सरकतात. तीन मिनिटांनी अंगठा चित्रातल्या बटणाच्या बोटभर बाहेर असतो आणि मारिओ खड्ड्यात. काही फोन स्पर्श होताच थरथरतात. ठीक आहे, पण ती थरथर बोट टेकल्यावरची. टेकण्याआधी जे कळायला हवे, ते कळतच नाही.

मारिओच का पडतो, तेही सांगतो. सुपर मारिओ ब्रदर्स हा शिगेरु मियामोतो यांचा खेळ सप्टेंबर १९८५चा. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. आज फोनवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शंभर मारिओ सहज मावतील. या खेळात 'बी' दाबून धरले की मारिओ धावतो आणि 'ए' दाबले की उडी मारतो. 'ए' किती वेळ दाबून धरले त्यावर उडी किती उंच हे ठरते. टिचकी मारली तर छोटी, धरून ठेवले तर मोठी. मोठा खड्डा ओलांडायचा तर धावता धावता उडी मारायला हवी, म्हणजे एकाच अंगठ्याने दोन बटणे. आम्ही सगळे हे कसे करत होतो? अंगठ्याचे टोक 'बी'वर रोवून ठेवायचे आणि 'बी' न सोडता अंगठ्याचे पेर 'ए'वर लवंडायचे. हे आम्हाला कोणी शिकवले नाही. ते त्या दोन बटणांच्या अंतरानेच शिकवले. काचेवर अंगठा असा आडवा टाकला तर तिला एक मोठा, गोंधळलेला स्पर्श दिसतो. तो 'ए' की 'बी' की दोन्ही, हे ती आपल्या मर्जीने ठरवते.

शिवाय उशीर. जुने यंत्र सेकंदातून साधारण साठ वेळा 'कोणते बटण दाबले आहे?' असे विचारी आणि जुना काचनळीचा टीव्ही मिळालेली रेघ मिळेल तशी पडद्यावर काढी. फोनमध्ये स्पर्श आधी जाळीने ओळखायचा, मग तो फोनच्या कारभाऱ्याकडे जायचा, त्याच्याकडून खेळाकडे, आणि तिथून पडद्यावर. प्रत्येक कचेरीत थोडा थोडा वेळ जातो. पत्र लिहायला या उशिराने काही बिघडत नाही. पळत्या कासवावर नेमकी उडी मारायची असेल तर बिघडते.

आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. टॅब्लेट मोठा, म्हणून तो फोनपेक्षा बरा असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. फोन आडवा धरला की तो लांबोडका असतो आणि जुन्या टीव्हीचे चौकोनी चित्र मध्ये बसल्यावर दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते. तिथे बटणे मांडता येतात. २०१०च्या पहिल्या आयपॅडचा पडदा मात्र जुन्या टीव्हीच्याच आकाराचा, चारास तीन. चित्र भरून बसते आणि अंगठे नेमके चित्रावर येतात. त्यात त्याचे वजन ६८० ग्रॅम. अंगठ्यांनी खेळायचे तर ते पेलायचे कोणी?

हाताची स्मृती ही काय चीज आहे ते मला माझ्या ताईने दाखवले. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, नाशिकला बँकेत अधिकारी. लहानपणी आम्ही दोघे कॉंट्रा खेळत असू. हा कोनामी कंपनीचा खेळ इतका कठीण, की मिळणाऱ्या तीन लाइफ तीन मिनिटांत संपत. त्यावर एक मंत्र होता: खेळ सुरू होण्याआधी फुलीची आणि बटणांची एक ठराविक माळ जपली की तीस लाइफ मिळत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ग्रॅडियस या खेळासाठी केला होता. खेळ तपासायचा तर तो शेवटपर्यंत खेळता यायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना. हाशिमोतो २०२० साली वारले.

ताई राखीपौर्णिमेला आली तेव्हा मी तिला टॅब्लेट दिला आणि मंत्र विचारला. "अरे, तीस वर्षं झाली. वर-वर, मग... नाही रे आठवत." काचेवर तिने दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला, प्रत्येक वेळी बोट कुठे ठेवायचे ते बघण्यात माळ तुटे. मग मी तिच्या हातात बटणांचा पॅड दिला. हा बिनतारी असतो, ब्लूटूथने टॅब्लेटला जोडता येतो. तिने तो हातात घेतला, पुरणाच्या पाट्याबद्दल आमच्या हिच्याशी बोलत होती ते बोलणे तसेच चालू ठेवले, आणि पाहतो तो पडद्यावर तीस लाइफ. "हे मी केलं?" असे तिनेच मला विचारले. एकलव्याने गुरुदक्षिणा म्हणून अंगठाच का दिला, ते मला त्या दिवशी नव्याने समजले.

त्याच पॅडवर माझ्या मुलीने दोन संध्याकाळींत मारिओची पहिली दुनिया ओलांडली.

म्हणजे काच टाकाऊ, असे मी म्हणत नाही. काही खेळ तिच्यावर मुळातल्याइतकेच रंगतात, काही तर थोडे अधिकच. ज्यांत पाळी येईपर्यंत थांबायचे असते ते खेळ घ्या. डिसेंबर १९८७चा फायनल फॅंटसी हा तसला, बुद्धिबळासारखा. आपण चाल ठरवायची, मग शत्रूने. तो २०१० साली आयफोनवर आला आणि बोटाने यादीतले नाव दाबण्यात कुणाचे काही अडले नाही. १९९५चा क्रोनो ट्रिगर २०११ साली फोनवर आला, त्याचेही तेच. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला टेट्रिस बोटाने तुकडे ओढून खेळता येतो, फक्त वेग वाढला की घाम फुटतो. आणि सेगा कंपनीचा सॉनिक, १९९१चा: त्याच्या मूळ पॅडवर तीन बटणे होती, पण तिन्हींचे काम एकच, उडी. त्यामुळे फोनवर उजव्या अंगठ्याला नेम धरावाच लागत नाही. ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन तरुणाने हौसेने सॉनिकचा एक खेळ फोनवर चालवून दाखवला होता. सेगाने त्याच्यावर खटला न भरता त्यालाच कामाला लावले. २०१३ साली त्याच्या हातून पहिला सॉनिक फोनसाठी नव्याने बांधला गेला, चित्रही लांबट पडद्याला पुरेल इतके रुंद करून. शहाणी कंपनी!

निन्टेंडोने तर काचेचा स्वभाव ओळखूनच पाऊल टाकले. डिसेंबर २०१६ मध्ये तिने फोनसाठी सुपर मारिओ रन आणला, तो जुना मारिओ नव्हेच. त्यात मारिओ आपला आपण धावतो आणि आपण एका बोटाने फक्त उडी मारायची. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून खेळता यावे असा खेळ. फुली नाही, 'बी' नाही. ज्या घराने फुली जन्माला घातली त्याच घराने काचेवर तिचा हट्ट धरला नाही.

उलट उदाहरण डक हंटचे. १९८४च्या या खेळात प्लास्टिकची बंदूक असे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडले. ही सगळी करामत काचनळीच्या टीव्हीवर आणि त्याच्या वेळेवर अवलंबून होती, त्यामुळे ती जुनी बंदूक आजच्या चपट्या टीव्हीपुढे आंधळी आहे. फोनवर काय करायचे? बदकावर बोट ठेवायचे. नेम नाही, अंतर नाही, श्वास रोखणे नाही. त्यापेक्षा डास मारावेत.

एका बाबतीत मात्र मी काचेचा, म्हणजे तिच्यामागच्या यंत्राचा, ऋणी आहे. आमच्या काळी लाइट गेली की मारिओ पहिल्या पायरीवर. आता कोणत्याही क्षणी खेळ आहे तिथे गोठवून ठेवता येतो. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरियरवाला आला, तरी मारिओ हवेत तसाच लटकत थांबतो.

हे खेळ फोनवर येतात कसे, हेही घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असलेले बरे. एक मार्ग सरळ: कंपनीने स्वतः नवे करून विकलेला खेळ विकत घ्यायचा. दुसरा मार्ग एम्युलेटरचा. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. तो फोनला फॅमिकॉमचे सोंग घ्यायला लावतो. अँड्रॉइड फोनवर हे बहुरूपी कितीतरी वर्षे आहेत; ऍपलने आपल्या दुकानात त्यांना एप्रिल २०२४ मध्ये दार उघडले, आणि त्याच महिन्यात रायली टेस्टट यांचा डेल्टा तिथे आला. बहुरूपी बनवणे हा गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली एका प्लेस्टेशनच्या खटल्यात मानले. पण सोंग वेगळे आणि संहिता वेगळी. खेळाची फुकट उतरवून घेतलेली प्रत ही दुसऱ्याच्या मालकीची वस्तू. त्या काळच्या खेळांचे कॉपीराइट अजून संपलेले नाहीत. नकली डब्यावर नकली कॅसेटी घालून वाढलेल्या आमच्या पिढीने हे सांगताना थोडे ओशाळायला हवे, पण सांगायला तर हवेच.

यात अडचण अशी, की विकत घ्यायचे म्हटले तरी मिळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. पुस्तक छापील नसले तर निदान ग्रंथालयात असते. खेळांना तेवढाही आसरा सहज नाही. कॅसेटींच्या आतल्या बॅटऱ्या संपत चालल्या आहेत, डबे भंगारात गेले आहेत. उरलेल्या तेरा टक्क्यांपैकीसुद्धा जे मुलांच्या हाती पडेल ते काचेवर, निसटत्या अंगठ्यांनी. त्या तेरांतले चार तरी धड हातांनी खेळले जावेत, एवढ्यासाठी हा उपद्व्याप.

तेव्हा या दिवाळीत फटाक्यांचे पैसे थोडे वाचवून ब्लूटूथ पॅड घ्यावा, असे मी सुचवीन. हजार-दोन हजारांपासून मिळतो. घेताना डावीकडची फुली दाबून बघा. एक बाजू दाबली की दुसरी उचलायला हवी. चारी दिशा एकदम आत जात असतील तर तो परत द्या. आणि एक नव्हे, दोन घ्या. एका काचेवर चार अंगठे मावत नाहीत, आणि हे खेळ मुळात शेजारी बसून खेळायचे.

टॅब्लेट वायरीने टीव्हीला जोडला की जुनी बैठक जमते. कॉंट्रात तिसऱ्या टप्प्याला एक धबधबा आहे. दोघांनी खडकांवर उड्या मारत वर चढायचे. पडदा पुढच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला गेला की मरतो. म्हणून पुढच्याने थांबायचे असते. ताई तेव्हाही थांबत नसे. परवा माझ्या मुलीच्या तिने एकामागून एक सहा लाइफ घालवल्या, आणि मागे वळून न बघता म्हणाली, "चढ की गं पटापट!"